फक्त घरगुती वापर

जगातले सर्वांत वाईट फोटो विकायला काढलेल्या कॅमेऱ्यांचे असतात. जुना फ्रिज विकणारा माणूस फ्रिजचा फोटो नीट काढतो. दार उघडून आतला दिवा लागतो हेही दाखवतो. जुना सोफा विकायचा असेल तर फोटोपुरतं आजोबांना त्यावरून उठवलं जातं. पण सत्तर हजारांचा कॅमेरा विकायला काढणारा गृहस्थ ट्यूबलाइट बंद करतो, कॅमेरा पलंगावर आडवा टाकतो आणि हलत्या हाताने मोबाइलवर त्याचे फोटो काढतो. त्यांत कॅमेरा धूसर आणि खालची फुलाफुलांची चादर मात्र उसवलेल्या टाक्यासकट स्पष्ट. चादर विकायला ठेवली असती तर दुपारपर्यंत गेली असती.

हा हलगर्जीपणा आहे असं ज्यांना वाटतं ते या बाजारात अजून फिरलेले नाहीत. उजेड कुठून घ्यायचा, फोकस कशावर ठेवायचा आणि फ्रेमबाहेर काय सोडायचं, हे कळणं म्हणजे छायाचित्रण. जुना कॅमेरा विकणाऱ्याला ते पुरेपूर कळतं. लेन्सवरचा ओरखडा ज्यातून दिसणार नाही असा कोन एकच असतो आणि तो त्याने शोधून काढलेला असतो. त्या कॅमेऱ्याने पाच वर्षांत जे साधलं नाही ते तो त्याच्या जाहिरातीत साधून दाखवतो.

इतके दिवस या जाहिराती वाचून माझं असं मत झालं आहे की या बाजारात धडधडीत खोटं बोलणारे फार थोडे. बाकीचे सगळे खरंच बोलतात. फ्रेम तेवढी आवळून घेतात.

‘फक्त घरगुती वापर’ हे जाहिरातीतलं पहिलं वाक्य. हे समजायचं तर शटरचा हिशेब समजायला हवा. दर फोटोला कॅमेऱ्यातलं शटर एकदा उघडतं आणि मिटतं. असं ते किती वेळा करील याचे आकडे कंपन्या देतात. निकॉनच्या साध्या डी३५०० ला एक लाख, कॅननच्या फाइव्ह-डी मार्क थ्रीला दीड लाख, निकॉन डी८५० ला दोन लाख. त्यानंतर शटर मरतंच असं नाही. पण निवृत्तीनंतर नोकरीत राहिलेल्या माणसाकडून जेवढी अपेक्षा ठेवावी तेवढीच ठेवावी.

आता घरगुती माणूस फोटो काढतो किती? गणपतीचे दहा दिवस, मुलांचे वाढदिवस, महाबळेश्वरची एक सहल आणि त्यात घोड्यावर बसून रडणारा धाकटा. वर्षाला हजार, फार तर दीड हजार. पाच वर्षांचे झाले पाच ते साडेसात हजार. माझा भाचा सौदा बघायला जाताना लॅपटॉप बरोबर नेतो. एकदा त्याने अशाच एका घरगुती कॅमेऱ्याला वायर जोडली आणि आकडा आला एक लाख सत्तेचाळीस हजार. म्हणजे पाच वर्षं, रोज, न चुकता ऐंशी फोटो. एवढे फोटो काढायचे तर घरातल्या माणसांना दुसरा उद्योग उरला नसता.

“भाऊ, हे घरगुती?” भाच्याने विचारलं.

“घरगुतीच आहे दादा.”

भाच्याने मनात भागाकार केला. एका लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंत तीनेक हजार फोटो होतात. तेव्हा विक्रेता खोटं बोलत नव्हता. वापर घरगुतीच होता. घरं फक्त एकोणपन्नास होती.

ज्याच्याकडे वायर नसते त्याला दुसरं खरं दाखवलं जातं. विक्रेता समोर एक फोटो काढतो आणि त्याचा क्रमांक दाखवतो: डीएससी ०८१२. “बघा, आठशे बारा.” बहुतेक कॅमेऱ्यांत फाइलचा क्रमांक ९९९९ पर्यंत जाऊन पुन्हा ०००१ वर येतो. त्यामुळे हा आठशे बारावा फोटो असू शकतो, दहा हजार आठशे अकरावा असू शकतो आणि चौदा फेऱ्या मारून आलेला एक लाख चाळीस हजारांपलीकडचाही असू शकतो. समोरच्या पडद्यावर आठशे बारा लिहिलेलं आहे, एवढं मात्र सत्य. निकॉनचे बहुतेक कॅमेरे खरा आकडा दर फोटोच्या आत लिहून ठेवतात, म्हणून निकॉन विकणाऱ्याला जरा जपून बोलावं लागतं. कॅननचे बहुतेक कॅमेरे हा आकडा फोटोत लिहीत नाहीत, पोटात ठेवतात. त्यामुळे कॅनन विकणारे आकडा सांगताना जास्त मोकळे, प्रसन्न आणि गोल संख्यांत बोलणारे असतात.

दुसरा वर्ग ‘अनटेस्टेड’वाल्यांचा. हे फिल्मच्या कॅमेऱ्यांत भेटतात. कॉलेजच्या मुलांना अलीकडे फिल्मचं वेड लागलं आणि ज्या वस्तू माळ्यावर तांब्या-पितळेच्या भांड्यांमागे पडून होत्या त्या एकदम ‘अँटिक’ झाल्या. आग्फा क्लिक थ्री नावाचा काळा, हलका, डबीएवढा कॅमेरा बडोद्याला बनायचा. एका रोलमध्ये बारा फोटो. आपल्याकडच्या एका अख्ख्या पिढीचं बालपण त्याने डोळे मिचकावताना टिपलं आहे. तो इतका खपला की आजही कुठल्याही जुन्या बाजारात, मग तो मुंबईचा चोर बाजार असो की पुण्यातला जुना बाजार, दोन-चार तरी सापडतातच. जाहिरातीत मात्र त्याच्यापुढे ‘व्हेरी रेअर’ लिहिलेलं असतं. शोध घेऊन यादी पाहावी तर त्याच पानावर असे सतरा दुर्मीळ कॅमेरे ओळीने बसलेले.

या वर्गाचं लाडकं वाक्य: ‘बॅटरी नसल्यामुळे टेस्ट केलेला नाही.’ माणसाला बारा हजार रुपये हवे आहेत, पण पन्नास रुपयांचे सेल आणून बघायला त्याला सवड नाही. पेंटॅक्स के१००० बद्दलही हेच वाक्य वाचायला मिळतं. हा कॅमेरा १९७६ पासून १९९७ पर्यंत बनत होता आणि त्याची कीर्तीच मुळी अशी की त्याचं शटर बॅटरीशिवाय चालतं; सेल लागतो तो फक्त उजेड मोजणाऱ्या मीटरला. म्हणजे बटण दाबून खट्ट आवाज ऐकणं ही सगळी चाचणी. विक्रेत्याने ती नक्की केली आहे. खट्ट ऐकू आलं नाही, एवढंच त्याने लिहिलेलं नाही.

काही कॅमेऱ्यांच्या बाबतीत हे वाक्य पूर्ण खरंही असतं. साठ-सत्तरच्या दशकांतले कितीतरी कॅमेरे पाऱ्याच्या १.३५ व्होल्टच्या सेलवर चालत. पारा विषारी म्हणून जगभर ते सेल बंद झाले. “याचे सेल आता मिळत नाहीत,” असं विक्रेता दुःखाने सांगतो, तेव्हा त्याच्या आवाजात पर्यावरणाची काळजी असते. कॅमेऱ्याच्या दाराच्या कडेचा फोम वितळून डांबर झाला आहे, हे दुःख तो आपल्यापाशी बोलून दाखवत नाही.

तिसरं आणि आपल्या हवेला सर्वांत मानवणारं सत्य म्हणजे ‘थोडी डस्ट आहे, फोटोत येत नाही.’ लेन्सच्या आत धूळ सगळ्यांच्याच असते आणि ती खरोखर फोटोत येत नाही. पण या धुळीला कधीकधी फांद्या फुटलेल्या असतात. मुंबई-कोकणात जूनपासून हवेतली आर्द्रता जी चढते ती दसऱ्यापर्यंत उतरायचं नाव घेत नाही. साठ-सत्तर टक्क्यांच्या वर गेलं की काचेवर बुरशी मूळ धरते. ही बुरशी नुसती बसत नाही, काचेवरचा मुलामा खाते. नंतर पुसली तरी खाल्लेल्या जागा तशाच राहतात. म्हणून जाणती माणसं लेन्स चाळीस ते पन्नास टक्के आर्द्रतेच्या कोरड्या कपाटात ठेवतात. बाकीचे कापडी बॅगेत घालून लोखंडी कपाटात ठेवतात आणि चार पावसाळ्यांनंतर ‘बॅगेसह’ विकायला काढतात. या बॅगेतच बुरशी वाढलेली असते, तेव्हा ‘सोबत बॅग फ्री’ हे वाक्यही तसं खरंच.

भाचा यावर टॉर्च नेतो. लेन्स उलटी धरून, एक डोळा मिटून, घसा बघणाऱ्या डॉक्टरसारखा आत वाकतो. फरक इतकाच की इथे ‘आ’ विक्रेत्याचा होतो.

“काही नाही दादा, डस्ट आहे.”

“मुळं फुटलीयत हिला.”

“फोटोत येत नाही ना पण.”

हेही खरं. सकाळच्या उन्हात, सूर्य पाठीशी ठेवून फोटो काढला तर बहुधा येत नाही. उजेड समोरून आला की सगळं दृश्य धुक्यात जातं. तेव्हा फोटो नेहमी उजेडाकडे पाठ करून काढणाऱ्यांना ही लेन्स नि:शंक घेता येईल.

टॉर्चची बातमी हल्ली विक्रेत्यांपर्यंत पोचली आहे, म्हणून भेटीच्या वेळा बदलल्या. “सर, मी संध्याकाळी साडेसातलाच मोकळा असतो.” जागा एखाद्या पेट्रोल पंपाची किंवा स्टेशनबाहेरच्या पुलाखालची. तो गाडी चालू ठेवूनच उभा असतो, पत्नी मागे बसलेली असते, आणि दोघांना कुठेतरी जेवायला जायचं असतं. त्या बाई एकदाही आपल्याकडे बघत नाहीत. त्यांचा या विषयाशी काही संबंध नाही, असं त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं असतं. आणि सबंध व्यवहारात लिहिलेलं तेवढंच संपूर्ण सत्य असतं.

मुंबई-कोकणच्या लेन्सची ही ख्याती झाल्यामुळे कोरड्या हवेच्या लेन्सला भाव आला आहे. “सोलापूरची लेन्स आहे सर,” असं एकाने आम्हाला अभिमानाने सांगितलं. लेन्स सोलापूरची होतीही. तिचं आधीचं आयुष्य अलिबागला गेलं होतं, एवढं ती सोलापूरला आल्यावर विसरली होती.

मग बिल. बिल हरवलेलं असतं. घर बदलताना हरवतं, नाहीतर आईने दिवाळीत आवरताना टाकलेलं असतं. महाराष्ट्रातल्या आयांनी आवराआवरीत कॅमेऱ्यांची जितकी बिलं टाकली तितके जुने पेपरही टाकले नसतील. रिकामा खोका मात्र जपून ठेवलेला असतो, आतल्या थर्माकोलसह. बिल नसलं की कॅमेऱ्याचं मूळ गाव त्याच्या अंगावरच्या नावावरून ओळखावं लागतं. कॅननचा एकच कॅमेरा भारतात १५००डी, युरोपात २०००डी, अमेरिकेत रिबेल टी७ आणि जपानात किस एक्स९०. तेव्हा ‘इंडियन पीस’ म्हणून जो हातात ठेवला त्याच्या कपाळावर ‘किस’ लिहिलेलं असेल तर त्याचा जन्म इथला नाही आणि इथल्या वॉरंटीने त्याला ओळख दाखवायची काहीच गरज नाही. आमच्या नात्यातल्या एका आजोबांनी तो शब्द वाचून कॅमेरा देवघरासमोर ठेवायला मनाई केली होती. वॉरंटीवाल्यांपेक्षा त्यांची तपासणी बारीक म्हणायची.

सोनीच्या जपानी बाजारातल्या कॅमेऱ्यांची तऱ्हा याहून पुढची. त्यांतल्या बऱ्याचशांचा मेनू फक्त जपानीत असतो आणि तो बदलायची सोयच दिलेली नसते. विक्रेता सांगतो, “लँग्वेज सेटिंगमध्ये जाऊन इंग्लिश करा, एक मिनिटाचं काम.” ते सेटिंग कुठे आहे हे जपानीत लिहिलेलं असल्यामुळे ते नाहीच, हे कळायला घेणाऱ्याला साधारण आठवडा लागतो. तोपर्यंत विक्रेत्याचा नंबर बदललेला असतो.

सर्वांत वरच्या दर्जाची फसवणूक बघायची तर लायकाच्या दालनात जावं. तिथे फसवणुकीलाही इतिहास आहे. जर्मनीत लायका कॅमेरा १९२५ साली लाइपझिगच्या जत्रेत लोकांपुढे आला. १९३४ पासून सोव्हिएत युनियनमधल्या खारकीव्ह शहरात त्याची हुबेहूब नक्कल बनू लागली. बनवणारी होती निराधार मुलांची वसाहत आणि कॅमेऱ्याचं नाव फेड. हे नाव फेलिक्स एडमंडोविच द्झेर्झिन्स्की यांच्या आद्याक्षरांचं. म्हणजे सोव्हिएत गुप्त पोलीस खात्याच्या संस्थापकाचं. पुढे १९४८ पासून झोर्की नावाची दुसरी भावंडंही निघाली. हे कॅमेरे लाखांनी बनले आणि आजही स्वस्त मिळतात. मग कोणीतरी त्यांवरचं रशियन नाव घासून काढलं, जागी ‘लायका’ कोरलं, जर्मन गरुड बसवला, हौस म्हणून सोन्याचा मुलामा दिला आणि ‘हिटलरच्या हवाई दलाचा खास लायका’ म्हणून बाजारात सोडलं. गुप्त पोलीसप्रमुखाच्या नावाच्या कॅमेऱ्याने वेष बदलून जगभर हिंडावं, हे त्याच्या कुळाला शोभणारंच झालं.

हे ओळखायची युक्ती सोपी आहे. लेन्स काढून आत डोकवायचं. अस्सल लायकात लेन्सला टेकणाऱ्या दांडीच्या टोकाला छोटं गोल चाक असतं. रशियन भावंडांत तिथे घसरणारा घन तुकडा असतो. पण ही युक्ती सांगितली की विक्रेता म्हणतो, “लेन्स काढू नका सर, ओरिजिनल सील आहे.” हा सगळा खटाटोप अस्सल लायकाच्या भावासाठी. शंभर वर्षांपूर्वी लायकाने ज्या मॉडेलचे फक्त चाचणीपुरते मोजके नग बनवले होते त्यांतला एक २०२२ साली व्हेट्झलारच्या लिलावात १ कोटी ४४ लाख युरोंना गेला. तो आकडा वर्तमानपत्रात आला आणि तेव्हापासून ज्याच्या घरी आजोबांचा काळा डबा आहे त्या प्रत्येकाला आपण इतकी वर्षं गरिबीत उगाच काढली असं वाटू लागलं.

आतापर्यंतच्या सगळ्या प्रकारांत निदान कॅमेरा तरी होता. शेवटच्या प्रकारात तोही नसतो. इथे विक्रेता लष्करात असतो किंवा विमानतळाच्या सुरक्षा दलात. तातडीची बदली झालेली असते, नवा कॅमेरा अर्ध्याहून कमी किमतीत द्यायचा असतो. न मागता ओळखपत्र येतं, कँटीनचं कार्ड येतं, गणवेशातला फोटो येतो. या मंडळींनी पाठवलेले फोटो मात्र उत्तम असतात, कारण ते दुसऱ्या कोणीतरी काढलेले असतात. जवानाकडे पावती मागायला आपली जीभ रेटत नाही, हेच त्यांचं भांडवल. आणि ज्या खऱ्या जवानाचं कार्ड चोरलेलं असतं त्याला याचा पत्ताही नसतो. कॅमेरा ‘आर्मीच्या कुरिअर’ने निघतो. आधी वाहतुकीचे हजार-दीड हजार, मग कराचे, मग विम्याचे, आणि सगळे ‘रिफंडेबल’. कॅमेरा वाटेत प्रत्येक नाक्यावर अडतो आणि प्रत्येक नाका आपल्या खात्यातून उघडतो.

उलट बाजूने हेच विकणाऱ्याशीही होतं. घेणारा फोनवर सौदा पक्का करतो, घासाघीसही करत नाही (इथेच संशय यायला हवा), आणि पैसे पाठवण्यासाठी क्यूआर कोड पाठवतो. “स्कॅन करा आणि पिन टाका, पैसे जमा होतील.” पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला कधीच लागत नाही, हे बँका ओरडून सांगतात, पण पैसे येणार म्हटल्यावर माणसाच्या कानात फक्त नाण्यांचा आवाज शिरतो.

या सगळ्यावर कायदा काय म्हणतो? इंग्रजांनी आपल्याला माल-विक्रीचा कायदा दिला तो १९३० साली. त्याचं सोळावं कलम सांगतं की काही अपवाद सोडले तर मालाच्या दर्जाची हमी आपोआप गृहीत धरली जात नाही. घेणाऱ्याने आपले डोळे उघडे ठेवावेत. आणि डोळे मिटलेले असताना ऑनलाइन पैसे गेलेच तर तक्रारीसाठी सरकारने जो हेल्पलाइन क्रमांक ठेवला आहे तोही १९३०. सावध राहा आणि सावध राहिला नाहीत तर फोन करा, हे दोन्ही उपदेश एकाच आकड्यात बसवल्यामुळे पाठ करायला सोपं जातं. फोन मात्र पैसे पुढच्या खात्यांत सरकायच्या आत, तातडीने करावा. लेन्समधल्या बुरशीची तक्रार तिथे घेत नाहीत.

एवढं विक्रेत्यांबद्दल बोलल्यावर घेणाऱ्याला साव ठरवणं बरोबर नाही. त्याचीही फ्रेम बरीच आवळलेली असते. रात्री पावणेबाराला तो ‘लास्ट किती’ एवढाच निरोप पाठवतो; नमस्कार नाही, नाव नाही, कॅमेऱ्याचाही उल्लेख नाही. मग ‘कॅश रेडी, आत्ता निघतो’ म्हणतो आणि पुढच्या महिन्यात ‘आहे का अजून’ विचारतो. आलाच तर एक मित्र बरोबर आणतो. हा मित्र बोलत नाही. कॅमेरा हातात घेतो, वजन बघतो, कानाशी धरून हलवतो आणि ‘हं’ म्हणतो. त्या एका हुंकारात दोन हजार कमी होतात. “डीएसएलआर आता कोण घेतं? सगळे मिररलेसवर गेले,” असं जो सांगतो तो डीएसएलआर घेण्यासाठीच विरारहून दोन गाड्या बदलून आलेला असतो. आणि सत्तर हजारांचा कॅमेरा अठरा हजारांना मिळतोय म्हटल्यावर ‘का मिळतोय’ हा प्रश्न त्याला पडत नाही असं नाही. उत्तर ऐकायची त्याची तयारी नसते. विक्रेत्याला जे सांगायचं नाही तेच घेणाऱ्याला ऐकायचं नाही, एवढ्या एकमतावर हा बाजार चालतो.

जॉर्ज अकरलॉफ नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. म्हणणं साधं होतं. माल कसा आहे ते विकणाऱ्याला माहीत असतं, घेणाऱ्याला नसतं. म्हणून घेणारा गाडी वाईटही असेल असं धरून भाव पाडतो. त्या भावात चांगल्या गाडीवाल्याला परवडत नाही, तो निघून जातो. आणि बाजारात खरोखरच वाईट गाड्या उरतात. हा निबंध आधी तीन नियतकालिकांनी परत पाठवला होता. त्यांनाही माल संशयास्पद वाटला असावा. पुढे २००१ साली अकरलॉफना त्यासाठी नोबेल मिळालं. आमच्या इमारतीतल्या एका निवृत्त प्राध्यापकांना तीच गोष्ट फुकट शिकायला मिळाली.

सर रसायनशास्त्र शिकवायचे. त्यांनी कॅमेरा विकायचं ठरवलं आणि प्रयोगवहीत लिहावं तशी जाहिरात लिहिली. ‘खरेदी २०१४. शटर काउंट २१,३४०. लेन्सच्या आत डाव्या कडेला दोन मिलिमीटर बुरशी. उजव्या हाताकडचं रबर सैल. एकदा टेबलावरून पडला आहे. नंतर व्यवस्थित चालतो. मूळ बिल उपलब्ध. किंमत १४,००० रुपये. घासाघीस नाही.’ सोबत भर दुपारी, पांढऱ्या कागदावर, शेजारी मोजपट्टी ठेवून काढलेले फोटो. बुरशीचा वेगळा.

फोन आले. “सर, बिल कसं काय आहे तुमच्याकडे?” असं एकाने दरडावून विचारलं. दुसऱ्याने टेबलाची उंची विचारली. तिसरा जरा समजूतदार होता.

“सर, खरं सांगा, प्रॉब्लेम काय आहे?”

“लिहिलेत की सगळे.”

“ते झालं हो. खरा प्रॉब्लेम?”

महिना गेला. शेवटी सरांनी माझ्या भाच्याला बोलावलं. त्याने जाहिरात वाचली, डोक्याला हात लावला आणि नवी लिहिली. ‘फक्त घरगुती वापर. मिंट कंडिशन. दुबई रिटर्न. अर्जंट सेल. २२,०००, बघून थोडं कमी-जास्त.’

“अरे, माझा मुलगा डोंबिवलीला असतो,” सर म्हणाले.

“तुम्ही लंडनला गेलात तेव्हा विमान कुठे बदललंत?”

“दुबईला. पण...”

“कॅमेरा बरोबर होता?”

“होता.”

“मग झालं तर.”

त्याच संध्याकाळी एक तरुण जोडपं आलं. त्याने कॅमेरा वरखाली केला, लेन्समध्ये बघून “ही डस्टच ना?” असं विचारलं. सरांनी तोंड उघडलं, पण भाचा आधी “किरकोळ” म्हणाला. बाविसावरून सुरू झालेली बोलणी साडेसतरावर मिटली. साडेचार हजार पाडले म्हणून तो खूष होता. जिना उतरताना बायकोला म्हणत होता, “म्हातारा साधा आहे गं. प्रामाणिक वाटला.”

सरांना मात्र चैन नव्हतं. खरी जाहिरात त्यांनी वळणदार अक्षरात कागदावर उतरवली होती, वरचे साडेतीन हजार रुपये त्याच्यासोबत पाकिटात घातले होते आणि पाकीट, जोडपं निघायच्या आत, कॅमेऱ्याच्या बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात सरकवून ठेवलं होतं. रात्री साडेदहाला फोन वाजला.

“सर, बॅगेत पाकीट मिळालं.”

“हो. चौदा हजारच किंमत होती. तुमचे पैसे तुम्हीच ठेवा.”

पलीकडे बराच वेळ शांतता. मागे त्याची बायको काहीतरी कुजबुजत होती.

“पैसे ठेवतो सर. पण आता एक सांगा, कॅमेऱ्यात नक्की एवढं काय बिघडलंय?”